विश्लेषण : कुष्ठरुग्णांना दिलासा देणाऱ्या ॲलिस बॉल यांचे श्रेय कुणी घेतले?

कुष्ठरोगावर नेमके औषध नव्हते त्या काळात चौलमोगरा झाडाच्या बियांचे तेल हाच काय तो आधार होता. भारत आणि चीनमध्ये ते शतकानुशतके वापरात होते. याच जातकुळीतले कडू कवठ आपल्या सह्याद्रीत, कोकणात आढळते. पण हे तेल प्यावे तर उलट्या होत आणि त्वचेखाली टोचावे तर ते इतके चिकट, की शरीरात न मिसळता जागच्या जागी गाठी धरत. हवाईत तर रुग्णांना घरच्यांपासून तोडून मोलोकाई बेटावरच्या कलाउपापा वसाहतीत धाडले जाई. बहुतेक जण परत येत नसत.

कोण होत्या ॲलिस बॉल?

जन्म १८९२, सिएटल. वॉशिंग्टन विद्यापीठातून औषधी रसायनशास्त्र आणि औषधनिर्माणशास्त्र अशा दोन पदव्या घेऊन त्या हवाईला गेल्या. १९१५ मध्ये तिथल्या कॉलेजातून मास्टर्स पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला आणि पहिल्या कृष्णवर्णीय. प्रबंध होता कावा या वनस्पतीच्या मुळांतील घटकांवर. वनस्पतीतून रसायने वेगळी करण्याचा हा हात पाहूनच कलिही रुग्णालयाचे डॉ. हॅरी हॉलमन त्यांच्याकडे चौलमोगराचा प्रश्न घेऊन आले.

तोडगा काय निघाला?

बॉल यांनी तेलातील मेदाम्ले वेगळी केली आणि त्यांचे इथाइल एस्टर बनवले. एस्टर तेलापेक्षा बरेच पातळ. ते टोचता येऊ लागले आणि शरीरात शोषले जाऊ लागले. वय होते अवघे २३. कॉलेजात शिकवणे सांभाळून केलेले हे काम!

मग नाव का पुसले गेले?

शोधनिबंध प्रसिद्ध होण्याआधीच, ३१ डिसेंबर १९१६ रोजी बॉल यांचे निधन झाले. वय २४. कॉलेजचे अध्यक्ष आर्थर डीन यांनी काम पुढे नेले, औषध मोठ्या प्रमाणात तयार केले. निबंधांत मात्र बॉल यांचा उल्लेखही केला नाही. इंजेक्शने घेतलेले ७८ रुग्ण कलिहीतून घरी गेले. काहींचा आजार पुढे उलटला, हेही खरे. तरी १९४० च्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत याहून बरा उपाय नव्हता.

हॉलमन गप्प बसले नाहीत. १९२२ मध्ये त्यांनी ही पद्धत बॉल यांच्या नावानिशी छापली. विद्यापीठाला जाग यायला मात्र २००० साल उजाडले. तेव्हा आवारातल्या चौलमोगरा झाडापाशी त्यांच्या नावाची पाटी लागली.