जोड लावणारा माणूस : रॉय बेडिचेक

गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो तेव्हा सगळ्यांच्या नजरा पैलवानांवर खिळलेल्या असतात. पण फडाची खरी अब्रू असते ती जोड लावणाऱ्या पंचांच्या हाती. वयाने, वजनाने आणि तालमीने सारखे असलेले दोन गडी समोरासमोर आले तर कुस्ती रंगते. बरोबरीची जोड नसेल तर निकाल हलगी वाजण्यापूर्वीच ठरलेला असतो. हेच जोड लावण्याचे काम एका अवाढव्य राज्यातील शाळांसाठी करीत ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या रॉय बेडिचेक यांचे चरित्र मला सांगायचे आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. तिथे ते निसर्गलेखक म्हणून अधिक प्रसिद्ध आहेत. पण त्यांची उपजीविका आणि आयुष्यातली उमेदीची वर्षे गेली ती शालेय स्पर्धांच्या कारभारात.

बेडिचेक यांचा जन्म २७ जून १८७८ रोजी इलिनॉय राज्यात झाला. ते सहा वर्षांचे असताना कुटुंब टेक्सासात आले आणि एडी या लहानशा गावाजवळ स्थायिक झाले. आईवडील दोघेही शिक्षक. शेती, जनावरे, पक्षी आणि पुस्तके यांच्या सहवासात मुलाचे बालपण गेले. १८९८ साली ते ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात दाखल झाले. तेथे कुलसचिवांच्या कचेरीत जॉन लोमॅक्स यांच्या हाताखाली त्यांना काम मिळाले. पुढे गुराख्यांची लोकगीते गोळा करून नाव मिळवणारे लोमॅक्स ते हेच. आपल्याकडे ज्याला ‘कमवा आणि शिका’ म्हणतात त्या मार्गानेच बेडिचेक १९०३ मध्ये पदवीधर झाले.

पदवी मिळाली तरी वाट सापडायला पुढे बरीच वर्षे लागली. काही काळ त्यांनी वार्ताहराची नोकरी केली, नंतर ह्यूस्टन आणि सॅन अँजेलो येथील शाळांत शिकवले. १९०८ साली सायकलवर टांग मारून ते न्यू मेक्सिकोतील डेमिंग या गावाकडे निघाले. वाळवंटातल्या त्या गावी त्यांनी वर्तमानपत्र चालवले. १९१० मध्ये लिलियन ग्रीअर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १९१३ साली ते ऑस्टिनला परतले. १९१७ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांना ती नोकरी मिळाली जी त्यांनी निवृत्तीपर्यंत सोडली नाही. ही नोकरी होती ‘युनिव्हर्सिटी इंटरस्कॉलॅस्टिक लीग’ या संस्थेत.

या लीगचा जन्म खेळातून झाला नव्हता, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. १९१० साली टेक्सास विद्यापीठाच्या पुढाकाराने माध्यमिक शाळांसाठी एक वादविवाद मंडळ निघाले. त्याला मैदानी खेळांची जोड मिळाली आणि १९१३ च्या सुमारास दोन्हींची मिळून ही लीग बनली. वादविवाद, वक्तृत्व, शुद्धलेखन, धावणे, उड्या हे सारे एकाच छत्राखाली आले. पुढे १९२० पासून फुटबॉलचे आणि १९२१ पासून बास्केटबॉलचे राज्य अजिंक्यपद सुरू झाले. १९२७ पासून एकांकिका स्पर्धाही सुरू झाली. खेळाचा कारभार विद्यापीठाच्या शैक्षणिक शाखेकडे असणे ही गोष्ट साधी नव्हती. शाळेचा खेळ हा शिक्षणाचाच भाग आहे आणि म्हणून त्याची सूत्रे व्यापाऱ्यांच्या वा तिकीटविक्रीवर डोळा ठेवणाऱ्यांच्या हाती जाता कामा नयेत, ही भूमिका त्यामागे होती. बेडिचेक काही वर्षांतच लीगचे संचालक झाले आणि १९४८ पर्यंत त्यांनी ही भूमिका सोडली नाही.

टेक्सासचे आकारमान महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक आहे. तेथे २५४ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा भाग. एकीकडे ह्यूस्टन आणि डॅलससारखी शहरे, जेथे एकेका शाळेत हजारांवर मुले; दुसरीकडे कापसाच्या शेतात वा गुरांच्या कुरणात वसलेली खेडी, जेथे सबंध शाळेत खेळण्याजोगे वीस मुलगे मिळणेही कठीण. तिकडचा फुटबॉल आपल्या फुटबॉलपेक्षा निराळा. चेंडू हातात घेऊन धावायचे आणि समोरच्याने अंगावर झेप घेऊन पाडायचे, असा तो अकरा जणांचा दांडगा खेळ. हजारांतून निवडलेल्या अकरांपुढे वीसांतले अकरा उभे केले तर हार तर ठरलेलीच, पण हातपाय मोडण्याचीही भीती.

यावर उपाय म्हणजे वर्गवारी. शाळेच्या पटावरील विद्यार्थिसंख्या मोजायची, तीवरून शाळेचा वर्ग ठरवायचा, जवळजवळच्या सारख्या शाळांचा एक गट करायचा आणि गटाचा विजेता पुढच्या पायरीवर न्यायचा. बेडिचेक यांच्या काळात ही वर्गवारी हळूहळू वाढत गेली. आरंभी मोठ्या शाळांचा एक वर्ग आणि लहान शाळांचा दुसरा, एवढीच विभागणी होती. बास्केटबॉलमध्ये तर दोन दशके सर्वांना मिळून एकच अजिंक्यपद होते. १९४३ पासून त्याचे तीन वर्ग झाले. सर्वांत लहान शाळांचाही प्रश्न सुटला तो एका नव्या खेळाने. १९३४ साली नेब्रास्का राज्यातील हेब्रन येथे स्टीफन एप्लर या शिक्षकाने सहा जणांचा फुटबॉल तयार केला. मैदान शंभरऐवजी ऐंशी यार्ड लांब आणि चाळीस यार्ड रुंद, खेळाडू अकराऐवजी सहा. १९३८ मध्ये तो टेक्सासात आला आणि ज्या गावांना आपला संघ असू शकेल असे कधी वाटले नव्हते, त्या गावांतही शुक्रवारी संध्याकाळी माणसे मैदानाभोवती जमू लागली.

आपल्याकडील शासकीय शालेय क्रीडा स्पर्धा येथे आठवल्यावाचून राहत नाहीत. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य या पायऱ्या आपल्याकडेही आहेत, पण आपली वर्गवारी वयाची आहे. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट पडतात. शाळा केवढी हे कोणी विचारत नाही. त्यामुळे एकशिक्षकी वस्तीवरून शिकत आलेल्या, मैदान नसलेल्या माध्यमिक शाळेतील मुलांची गाठ पहिल्याच फेरीत शहरातील मोठ्या विद्यालयाशी पडते आणि दुपारच्या एस.टी.ने ती परत येतात. वयाचे बंधन दोन मुलांमध्ये न्याय करते; दोन शाळांमध्ये न्याय करण्यास ते अपुरे पडते, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवलेले आहे.

वर्ग पाडून मात्र भागत नाही. नियमांची राखण करावी लागते, आणि बेडिचेक यांच्या कामाचा सर्वांत कठीण भाग हाच होता. सामना जिंकण्यासाठी गावोगाव नाना क्लृप्त्या होत. शाळा कधीच सोडलेले बाप्ये विद्यार्थी म्हणून उतरवले जात. दुसऱ्या गावचा चांगला खेळाडू आमिष दाखवून आणला जाई. लीगने एकेक दार बंद केले. वयाची कमाल मर्यादा खाली आणली, शाळा बदलून आलेल्या मुलाला काही काळ खेळण्यास मनाई केली, पैसे घेऊन खेळलेल्यास अपात्र ठरवले आणि अभ्यासात किमान प्रगतीची अट घातली. गावाचा लाडका संघ अपात्र ठरला की सारे गाव खवळे. अशा वेळी पत्रे, तक्रारी आणि रोष यांना तोंड देत नियम लागू करण्याचे काम ऑस्टिनच्या कचेरीतून चाले. लीगचे मासिक पत्र १९१७ पासून निघत होते. त्यातून बेडिचेक शाळांना सतत समजावीत राहिले की स्पर्धा ही माणसाला घडवणारी शक्ती आहे, पण तिला मोकाट सोडले तर तीच शक्ती शाळेला गिळून टाकील. या विचारांचा सविस्तर ग्रंथ त्यांनी निवृत्तीनंतर, १९५६ मध्ये, प्रसिद्ध केला.

स्पर्धांच्या कामासाठी त्यांना वर्षभर राज्यात फिरावे लागे. या फिरतीत हॉटेलात उतरण्याऐवजी रस्त्याच्या कडेला, माळावर किंवा ओढ्याकाठी मुक्काम ठोकून उघड्यावर स्वयंपाक करणे त्यांना आवडे. पहाटे उठून ते पक्षी पाहत आणि टिपणे काढीत. सरकारी दौऱ्यांतून साठलेले हे ज्ञान तसेच राहिले असते; पण लोककथाकार जे. फ्रँक डोबी आणि इतिहासकार वॉल्टर प्रेस्कॉट वेब या मित्रांनी त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. १९४६ मध्ये त्यांनी एक वर्ष रजा घेतली, वेब यांच्या फ्रायडे माउंटन येथील जागेत एकांतात राहून पुस्तक लिहिले आणि १९४७ साली, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांचा पहिला ग्रंथ बाहेर पडला. टेक्सासच्या निसर्गावरील तो ग्रंथ आजही वाचला जातो. २१ मे १९५९ रोजी ऑस्टिन येथे त्यांचे निधन झाले. त्या शहरात बार्टन स्प्रिंग्ज या झऱ्याच्या तळ्याकाठी तिघे मित्र खडकावर गप्पा मारीत. १९९४ मध्ये तेथे त्यांचा ब्राँझचा पुतळा उभारण्यात आला.

येथवर वाचून एखाद्या निष्कलंक जीवनाची कथा संपली असे वाटेल. परंतु त्या लीगच्या नियमावलीत आणखी एक वर्गवारी होती, आणि ती सांगितल्याशिवाय हे चरित्र खरे ठरणार नाही. सभासद होण्याचा हक्क फक्त गोऱ्यांच्या सार्वजनिक शाळांना होता. निग्रो म्हणून हिणवल्या जाणाऱ्या मुलांच्या शाळा पट मोजण्यापूर्वीच वगळल्या जात. बेडिचेक यांच्या संपूर्ण कारकिर्दीत हा नियम कायम राहिला. ज्यांनी वीस मुलांच्या शाळेलाही सन्मानाने खेळता यावे यासाठी इतका खटाटोप केला, त्यांच्याच कचेरीतून राज्यातल्या हजारो मुलांना दार बंद होते.

ती मुले मात्र खेळावाचून राहिली नाहीत. १९२० साली प्रेअरी व्ह्यू येथील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाच्या आश्रयाखाली त्यांच्या शाळांची स्वतंत्र लीग स्थापन झाली. तिच्यातही वक्तृत्व होते, संगीत होते, खेळ होते. शुक्रवारी मैदाने गोऱ्यांच्या शाळांकडे असत. म्हणून अनेक गावांत यांचे फुटबॉलचे सामने बुधवारी किंवा गुरुवारी होत. या लीगमधून निघालेले कितीतरी खेळाडू पुढे अमेरिकेत गाजले. पिट्सबर्ग संघाचा विख्यात खेळाडू जो ग्रीन हा टेंपल गावातील डनबार शाळेचा. बेडिचेक लहानाचे मोठे झाले ते एडी गाव तेथून फार दूर नाही. एकाच भागातल्या मातीवर दोन नियमपुस्तके चालत होती.

१९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाविरोधी ठरवला. तरीही गोऱ्या शाळांची अट लीगने काढली ती १९६५ साली. १९६७-६८ पासून कृष्णवर्णीय शाळा मूळ लीगमध्ये येऊ लागल्या आणि १९७० पर्यंत प्रेअरी व्ह्यूची लीग संपली. दार उघडले खरे, पण त्याची किंमतही त्याच समाजाने मोजली. त्यांच्या अनेक शाळा बंद करण्यात आल्या आणि अनेक नामांकित प्रशिक्षकांना दुय्यम जागांवर समाधान मानावे लागले.

आज टेक्सासात शाळांचे सहा वर्ग आहेत. सहावा वर्ग २०१४ साली वाढवण्यात आला. दर दोन वर्षांनी पट पुन्हा मोजला जातो आणि गटांची फेरमांडणी होते. साधारण शंभर वा त्याहून कमी मुलांच्या शाळा अजूनही सहा जणांचा फुटबॉल खेळतात. १९८४ च्या कायद्याने नापास विद्यार्थ्याला काही आठवडे खेळण्यास बंदी आली. दुसरीकडे अॅलन येथील शाळेने २०१२ मध्ये सुमारे सहा कोटी डॉलर खर्चून अठरा हजार प्रेक्षकांचे क्रीडागार बांधले. व्यापाराबद्दल बेडिचेक यांना वाटणारी भीती निराधार नव्हती, एवढे त्यावरून दिसते.

बेडिचेक यांना दोष देण्यासाठी मी हे लिहिलेले नाही. त्यांचे काम थोर होते आणि ते पुढे टिकले. पण आपल्या समाजालाही वर्ग पाडण्याची सवय फार जुनी आहे. पाणवठ्यापासून पंगतीपर्यंत कोणी कोठे बसायचे हे आपल्याकडेही ठरवून दिलेले होते, आणि आमच्या घरातून महाविद्यालयात पाऊल टाकणाऱ्या पहिल्या पिढीला त्याची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही. म्हणून कोणतीही वर्गवारी समोर आली की एक प्रश्न विचारायला आपण शिकले पाहिजे. दुबळ्याला खेळात आणण्यासाठी ही रेघ ओढलेली आहे, की त्याला मैदानाबाहेर ठेवण्यासाठी? टेक्सासच्या त्या एकाच नियमपुस्तकात दोन्ही रेघा होत्या. पटाची रेघ आजही दर दोन वर्षांनी नव्याने आखली जाते. रंगाची रेघ पुसायला १९६५ साल उजाडावे लागले.