नगरच्या किल्ल्यातील छत्रपती

१८७० साली कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना इटलीतील फ्लॉरेन्स शहरी निवर्तले. त्यांना पुत्र नव्हता. म्हणून भोसले कुळातील नारायणराव हा आठ वर्षांचा मुलगा १८७१ साली दत्तक घेण्यात आला. हेच चौथे शिवाजी महाराज.

गादी छत्रपतींची, पण सत्ता इंग्रजांची. बालराजाने काय शिकावे, कोणाच्या सहवासात राहावे, हेही साहेबच ठरवीत. पुढे महाराजांना वेड लागल्याचे सरकारने जाहीर केले. दिवाण माधवराव बर्वे यांच्या कारभारात महाराजांचा छळ होत आहे, अशी वार्ता महाराष्ट्रभर पसरली. 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनी महाराजांची बाजू हिरिरीने मांडली. मात्र पुरावा म्हणून छापलेली पत्रे न्यायालयात बनावट ठरली. अब्रुनुकसानीच्या या खटल्यात १८८२ साली टिळक आणि आगरकर यांना शिक्षा होऊन त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. दोघेही तेव्हा जेमतेम सव्वीस वर्षांचे होते.

महाराजांची सुटका मात्र झाली नाही. चांदबिबीने ज्याच्या तटावरून मोगलांशी झुंज दिली, त्या अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात त्यांना ठेवण्यात आले. सभोवती खंदक, दारात गोरा पहारा! आपली माणसे दूर कोल्हापुरात. २५ डिसेंबर १८८३ रोजी पहाऱ्यावरील ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा अंत झाला. वय अवघे वीस वर्षांचे.

१८८४ साली कागलकर घाटगे यांचे यशवंतराव कोल्हापुरास दत्तक आले. तेच राजर्षी शाहू. शिवाजी महाराजांची समाधी नगर शहरात आहे.