विश्लेषण : १९४४ मध्ये जादूटोणा कायद्याखाली तुरुंगात गेलेल्या हेलन डंकन कोण होत्या? मृतात्म्यांशी संवादाचा दावा युद्धकाळात का नडला?

दुसरे महायुद्ध निर्णायक टप्प्यावर असताना, मार्च १९४४ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात एक वेगळाच खटला उभा राहिला. आरोपी होती स्कॉटलंडमधील ४६ वर्षांची महिला, सहा मुलांची आई. कायदा होता दोनशेहून अधिक वर्षे जुना, १७३५ चा जादूटोणा कायदा. हेलन डंकन यांना ब्रिटनची शेवटची चेटकीण असे आजही म्हटले जाते. ते कितपत खरे, त्यांच्यावर नेमका आरोप काय होता आणि एका बुडालेल्या युद्धनौकेशी त्यांचे नाव का जोडले जाते, हे जाणून घेऊ या.

हेलन डंकन कोण होत्या?

हेलन यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८९७ रोजी स्कॉटलंडमधील कॅलेंडर या छोट्या गावात झाला. शाळेत असतानाच त्या अशुभ भाकिते करून वर्गमैत्रिणींना घाबरवत असत. १९१६ मध्ये त्यांनी हेन्री डंकन यांच्याशी विवाह केला. हेन्री पहिल्या महायुद्धात जखमी होऊन परतलेले सैनिक होते. संसार मोठा आणि कमाई तुटपुंजी, त्यामुळे हेलन यांनी कपडे शुभ्र करण्याच्या कारखान्यातही काम केले. पुढे १९२०च्या दशकात मृतात्म्यांशी बोलणारी मीडियम, म्हणजे माध्यम, अशी त्यांची ओळख झाली.

आपल्याकडे प्लँचेट या नावाने परिचित असलेल्या प्रकारापेक्षा त्यांच्या बैठका वेगळ्या असत. अंधाऱ्या खोलीत, मंद लाल दिव्याच्या उजेडात, पडद्यामागे त्या समाधी लागल्यासारख्या बसत. थोड्या वेळाने पडद्यातून पांढरी आकृती डोकावे. हे एक्टोप्लाझम, म्हणजे मीडियमच्या शरीरातून स्रवणारे आणि आत्म्याला रूप देणारे द्रव्य, असा दावा केला जाई. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील लाखो कुटुंबांनी मुलगा, पती किंवा भाऊ गमावला होता. त्यामुळे अशा बैठकांना मोठी मागणी होती.

दाव्यांची तपासणी झाली होती का?

झाली होती, तीही अनेकदा. १९२८ मध्ये एका छायाचित्रकाराने त्यांच्या बैठकीची फ्लॅश वापरून छायाचित्रे घेतली. त्यांत आत्म्यांच्या जागी कागदाच्या लगद्याचे मुखवटे आणि जुन्या चादरी दिसल्या. १९३१ मध्ये हॅरी प्राइस या संशोधकाने लंडनमधील आपल्या प्रयोगशाळेत त्यांच्या चाचण्या घेतल्या. विरळ विणीचे कापड आधी गिळायचे आणि अंधारात ते तोंडातून बाहेर काढायचे, असा प्राइस यांचा निष्कर्ष होता. पोटाचा एक्स-रे काढण्याची वेळ आली तेव्हा हेलन आरडाओरडा करत थेट रस्त्यावर धावल्या. दुसऱ्या एका तपासणीत मिळालेल्या नमुन्यात कागद आणि अंड्याचा पांढरा बलक आढळला.

१९३३ मध्ये एडिनबर्ग येथे एका महिलेने पेगी नावाच्या बालिकेचा आत्मा म्हणून अवतरलेली आकृती हाताने पकडली. हाती आला तो विणलेल्या कापडाचा बनियन. या प्रकरणात हेलन यांना १० पौंडांचा दंड झाला. तरीही त्यांची मागणी घटली नाही. लवकरच दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि शोकाकुल कुटुंबांची संख्या पुन्हा वाढली.

एचएमएस बरहॅमचे प्रकरण काय?

२५ नोव्हेंबर १९४१ रोजी जर्मन पाणबुडीने भूमध्य समुद्रात एचएमएस बरहॅम ही ब्रिटिश युद्धनौका बुडवली. ८५० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. शत्रूला या यशाची खात्री पटू नये म्हणून नौदलाने जानेवारी १९४२ च्या अखेरपर्यंत ही बातमी जाहीर केली नाही. या काळात पोर्ट्समथ या नौदलाच्या शहरातील एका बैठकीत हेलन यांनी बरहॅमवरील मृत खलाशी प्रकट केल्याचे सांगितले जाते. त्यांचे समर्थक आजही हा सर्वांत मोठा पुरावा मानतात.

मात्र येथे एक बाब लक्षात घ्यायला हवी. बातमी जनतेपासून लपवली असली, तरी मृतांच्या कुटुंबांना नौदलाने पत्राने कळवले होते आणि गुप्तता पाळण्याची विनंती केली होती. एका कुटुंबात चार-पाच माणसे धरली, तरी ही माहिती काही हजार लोकांपर्यंत पोहोचलेली असणार. शिवाय वाचलेले शेकडो खलाशी होतेच. नौदलाच्या शहरात अशी कुजबुज एखाद्या मीडियमच्या कानावर येण्यासाठी अतींद्रिय शक्तीची गरज नव्हती.

अटक कशी झाली?

जानेवारी १९४४ मध्ये हेलन पुन्हा पोर्ट्समथला आल्या. एका औषधाच्या दुकानावरील खोलीत बैठका होत आणि तिकीट होते १२ शिलिंग ६ पेन्स. नौदलातील लेफ्टनंट वर्थ तेथे गेले. त्यांची मृत आत्या म्हणून एक आकृती समोर आली. प्रत्यक्षात त्यांच्या सर्व आत्या-मावश्या हयात होत्या. वर्थ यांनी पोलिसांना कळवले. १९ जानेवारीच्या बैठकीत पोलिसांनी छापा घातला आणि पांढऱ्या आकृतीवर झडप घातली. कापड मात्र त्यांच्या हाती लागले नाही. बचाव पक्षाने पुढे याच मुद्द्यावर भर दिला.

अशा प्रकरणांत सहसा १८२४ च्या भटकेगिरीविरोधी कायद्याखाली किरकोळ शिक्षा होई. येथे मात्र सुरुवातीला जामीनही नाकारला गेला आणि अखेरीस १७३५ चा कायदा बाहेर काढण्यात आला. नॉर्मंडीवरील चढाई तोंडावर आल्याने गुपिते फुटण्याची भीती होती, म्हणून हे घडले, असे मानणारा एक मोठा मतप्रवाह आहे. शिक्षा सुनावताना पोर्ट्समथच्या पोलीस प्रमुखांनी न्यायालयात १९४१ च्या युद्धनौका प्रकरणाचा उल्लेख केला होता, हेही खरे.

त्यांना चेटकीण म्हणून शिक्षा झाली का?

नाही. १७३५ च्या कायद्याने चेटूक हा गुन्हाच रद्द केला होता. अशी शक्ती असते हेच कायद्याने अमान्य केले आणि ती असल्याचे ढोंग करणे हा गुन्हा ठरवला. सात दिवसांच्या सुनावणीत बचाव पक्षाने चाळीसहून अधिक साक्षीदार उभे केले. मृत आप्त पाहिल्याचे त्यांनी शपथेवर सांगितले. हेलन न्यायालयातच प्रात्यक्षिक देतील, असा प्रस्तावही वकिलांनी ठेवला. ज्यूरीने तो नाकारला. हेलन दोषी ठरल्या आणि त्यांना नऊ महिन्यांची कैद झाली. पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी गृहमंत्र्यांना टिपण पाठवून, इतका जुना कायदा का वापरला आणि सरकारी तिजोरीवर किती भार पडला, अशी नाराजीने विचारणा केली. लंडनच्या हॉलोवे तुरुंगातून हेलन सप्टेंबर १९४४ मध्ये सुटल्या.

त्या या कायद्याखालील शेवटच्या दोषीही नव्हत्या. त्याच वर्षी नंतर जेन यॉर्क या सत्तरी ओलांडलेल्या मीडियमलाही दोषी ठरवण्यात आले.

पुढे काय झाले?

सुटकेनंतर काही काळाने हेलन यांनी बैठका पुन्हा सुरू केल्या. १९५१ मध्ये जुना कायदा रद्द होऊन त्या जागी फसव्या मीडियमविरोधी कायदा आला. त्यात फसवणुकीचा हेतू सिद्ध करणे आवश्यक होते. १९५६ मध्ये नॉटिंगहॅममधील बैठकीवर पोलिसांचा छापा पडला. त्यानंतर काही आठवड्यांतच, ६ डिसेंबर १९५६ रोजी हेलन यांचे निधन झाले. समाधी भंगल्याने मृत्यू ओढवला, असे अनुयायी सांगतात. पण त्यांना मधुमेह आणि हृदयविकारही होता.

मरणोत्तर माफीसाठी अनेकदा मोहिमा झाल्या, त्यांना यश आले नाही. १९५१ चा कायदाही २००८ मध्ये रद्द झाला. आता ब्रिटनमध्ये पैसे घेऊन आत्म्यांशी बोलण्याचा दावा ग्राहक संरक्षणाच्या नियमांखाली तपासला जातो. म्हणजे प्रश्न आत्म्याचा उरलेला नाही. शोकात असलेल्या माणसाने पैसे मोजले आणि त्याची फसवणूक झाली का, एवढाच तो आहे.