मौनाच्या मातीत रुजलेला स्वर

घटस्थापनेच्या दिवशी घरोघरी मातीत धान्य पेरले जाते. पहिले एक-दोन दिवस वर काहीच दिसत नाही. तरीही गृहिणी श्रद्धेने पाणी घालीत राहते, आणि अंकुर वर येतो. नवरात्राच्या या मंगल पर्वात आम्हांस पंडित कुमार गंधर्व यांचे स्मरण होते, ते याच कारणाने.

बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली हे बालपणीच मैफली गाजवू लागले. थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून ते गाणे हुबेहूब उभे करणाऱ्या या बालकास एका मठाच्या स्वामींनी 'कुमार गंधर्व' ही पदवी दिली. पुढे मुंबईस प्रा. बा. र. देवधर यांच्यापाशी त्यांच्या विद्येस डोळस शिस्त लाभली. १९४७ साली भानुमतीबाईंशी त्यांचा विवाह झाला. ऐन तारुण्यात कीर्ती दाराशी उभी होती, आणि त्याच सुमारास क्षयाने फुप्फुसास ग्रासले.

कोरड्या हवेसाठी १९४८ च्या आरंभी हे दांपत्य माळव्यातील देवासला आले. पवार घराण्याच्या या गावी टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा यांची स्थाने आहेत. वैद्यकीय आज्ञा कठोर होती : गाणे वर्ज्य! ज्याचा श्वासच स्वर, त्याने अंथरुणावर निःशब्द पडून राहावे, याहून खडतर व्रत कोणते? भानुमतीबाईंनी शिक्षिकेची नोकरी पत्करून संसार सावरला आणि अहोरात्र शुश्रूषा केली. त्यांची ती सेवा आम्हांस एखाद्या अनुष्ठानाहून उणी वाटत नाही.

कंठ मिटला होता. कान मात्र उघडे होते. माळव्यातील स्त्रियांची सणावारांची गाणी, फिरत्या भजनीमंडळींची निर्गुणी पदे, नाथपंथी जोग्यांचे स्वर त्या रुग्णशय्येपर्यंत पोहोचत होते. पूर्वी थोरांचे गाणे उचलणारा हा गायक आता रागांचे मूळ लोकधुनांत शोधू लागला.

स्ट्रेप्टोमायसिन या नव्या औषधाने गुण आला आणि १९५३ साली कुमारजी पुन्हा मैफलीत बसले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेले; पूर्वीचा दमसास परत येणे शक्य नव्हते. त्यांनी हट्ट धरला नाही. उरलेल्या श्वासाचेच त्यांनी सोने केले. छोट्या, तेजस्वी स्वरावली आणि त्यांमधील अर्थपूर्ण विराम, अशी नवी गायकी जन्मास आली. लोकधुनांतून त्यांनी 'धुनउगम' राग घडविले. १९६५ साली 'अनूपरागविलास' हा त्यांच्या बंदिशींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कबीरांची निर्गुणी भजने तर त्यांच्या मुखातून असंख्य घरांच्या देवघरांपर्यंत पोहोचली.

१९६१ साली भानुमतीबाई निवर्तल्या. देवासच्या त्या घराचे 'भानुकुल' हे नाव त्यांची स्मृती जपते. पुढे वसुंधराताईंची साथ संसारात व मैफलीतही लाभली. १९९० मध्ये पद्मविभूषण हा सन्मान आला आणि १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथेच हा स्वर अनंतात विलीन झाला.

आजार हा प्रसाद होता, असे आम्ही म्हणणार नाही. दुःख ते दुःखच. परंतु सक्तीने आलेल्या मौनाचेही व्रत करता येते, हे या चरित्राने दाखविले. ज्यांच्या घरी आज कोणी दीर्घ आजाराने अंथरुणास खिळले आहे, त्यांनी घटातील त्या मातीकडे क्षणभर पाहावे. वर काही दिसत नसतानाही आत काही रुजत असते. आदिमायेच्या चरणी आमची एवढीच प्रार्थना, की त्या मातीस पाणी घालणाऱ्या हातांना तिने बळ द्यावे.