पेशींच्या श्वासाचा शोध घेणाऱ्या डॉ. कमला सोहोनी

विद्येच्या देवतेचा हा उत्सव. त्या निमित्ताने या वर्षी अशा एका विदुषीची आठवण करावीशी वाटते, जिचे माहेर आपल्याच माळव्यातले आणि जिचे नाव आपल्या घरांतून फारसे घेतले जात नाही. दुर्गाबाई भागवत आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीला विरोध करणाऱ्या त्या दुर्गाबाई. पण त्यांच्या धाकट्या बहिणीने विज्ञानात तितकेच मोठे काम केले आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असेल? त्या धाकट्या बहिणीचे नाव कमला भागवत, लग्नानंतरच्या डॉ. कमला सोहोनी.

कमलाबाईंचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूर येथे झाला. म्हणजे भोपाळहून तीन-चार तासांच्या वाटेवर. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. दोघांचेही शिक्षण बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत झालेले. त्यामुळे ज्या काळात मुलींचे शिक्षण चौथी-पाचवीपर्यंतच होत असे, त्या काळात या घरातल्या मुली पुस्तकांच्या आणि शास्त्राच्या गोष्टी ऐकत वाढल्या. १९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत रसायनशास्त्र घेऊन पहिल्या आल्या. वडील आणि काका जिथे शिकले तिथेच आपणही संशोधन करायचे, हे त्यांनी मनाशी धरलेलेच होते.

त्या वेळी बंगळूरच्या संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. १९३० चे नोबेल पारितोषिक मिळवलेले, जगभर मान असलेले शास्त्रज्ञ. त्यांनी कमलाबाईंचा अर्ज नाकारला. गुण कमी होते म्हणून नव्हे, तर अर्ज करणारी व्यक्ती मुलगी होती म्हणून. वडील व काका जाऊन बोलले, तरीही उपयोग झाला नाही. तेव्हा बावीस वर्षांची ही मुलगी स्वतः बंगळूरला गेली आणि नकाराचे कारण विचारत तिथे ठाण मांडून बसली. गांधीजींच्या सत्याग्रहाचा तो काळ, तिनेही तोच मार्ग धरला. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नोंद होणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागेल. आणि तिच्या असण्याने प्रयोगशाळेतल्या मुलांचे चित्त विचलित होता कामा नये.

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. अपमान गिळून कामाला लागल्या. श्रीनिवासय्या हे त्यांचे गुरू अतिशय कडक, पण तितकेच मनापासून शिकवणारे होते. त्यांच्या हाताखाली दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी काम केले. वर्षभरात रामन यांचे समाधान झाले आणि त्यांना रीतसर प्रवेश मिळाला. १९३६ साली एम.एस्सी. विशेष गुणवत्तेसह पूर्ण झाली. यानंतर त्या संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. मात्र तो अपमान कमलाबाईंना उतारवयातही विसरता आला नाही. रामन यांच्या मोठेपणाबद्दल आदर बाळगूनही त्या हे मोकळेपणाने सांगत. मोठी माणसे सर्वच बाबतीत मोठी असतात असे नाही, हा धडा आपणही घ्यावा असाच आहे.

बंगळूरनंतर कमलाबाई इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेल्या. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ चे नोबेल मिळवलेले सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांना जागा मिळाली. आधी डेरेक रिक्टर आणि मग रॉबिन हिल यांच्यासोबत त्यांनी काम केले. हिल हे वनस्पतींवर काम करणारे शास्त्रज्ञ होते. इथेच कमलाबाईंच्या हाती आला तो आपल्या स्वयंपाकघरातला साधा बटाटा.

हे काम काय होते ते थोडे समजून घेऊ. आपण श्वास घेतो तेव्हा हवेतला प्राणवायू रक्तावाटे शरीराच्या प्रत्येक पेशीपर्यंत जातो. तिथे अन्नातील ऊर्जा एकदम भडका उडून बाहेर पडत नाही. ती हळूहळू, हातातून हात बदलत पुढे जाते. गणपतीच्या मिरवणुकीत प्रसादाचे ताट जसे रांगेतून एकाकडून दुसऱ्याकडे जाते, तसे इलेक्ट्रॉन एका द्रव्याकडून दुसऱ्याकडे दिले जातात आणि शेवटी प्राणवायूच्या हाती पडतात. त्यातून पाणी तयार होते आणि वाटेत मिळालेल्या ऊर्जेवर आपले सगळे चालते. या रांगेतले एक महत्त्वाचे द्रव्य म्हणजे 'सायटोक्रोम सी'. त्यात रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखेच लोह असते. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली सायटोक्रोमची ओळख जगाला करून दिली होती. वनस्पतींच्या पेशीही याच पद्धतीने श्वसन करतात हे कमलाबाईंच्या कामातून पुढे आले. बटाट्यापासून सुरुवात करून त्यांनी वनस्पतींच्या ऊतींमधले सायटोक्रोम आणि त्याच्याशी जोडलेले विकर अभ्यासले. १९३९ साली 'नेचर' या प्रख्यात नियतकालिकात हिल आणि भागवत या दोन नावांनी त्यावरचे टिपण छापून आले. माणूस, प्राणी आणि जमिनीखालचा बटाटा यांचा पेशींच्या पातळीवरचा श्वास सारखाच आहे, ही केवढी मोठी गोष्ट!

अवघ्या चौदा महिन्यांत त्यांचा प्रबंध तयार झाला, तोही फक्त चाळीस पानांचा. १९३९ साली पीएच.डी. मिळाली. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते.

आज या विषयाला फार महत्त्व आले आहे. प्राणवायूची ही रांग नेहमीच बिनचूक चालत नाही. मध्येच एखादा इलेक्ट्रॉन निसटतो आणि त्यातून प्राणवायूची उपद्रवी रूपे तयार होतात. शरीर त्यांचा बंदोबस्त करत असते, पण ती वाढली की पेशीवर ताण येतो. याचा पहिला मार बसतो तो पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांना. डब्यातला चिवडा जुना झाला की खवट लागतो, कारण तेलावर हवेतल्या प्राणवायूची क्रिया झालेली असते. तसाच खवटपणा शरीरातल्या स्निग्धांशालाही येऊ शकतो, आणि एक कण बिघडला की तो शेजारच्याला बिघडवत जातो. ही साखळी तोडायला ई जीवनसत्त्व उपयोगी पडते आणि त्या ई जीवनसत्त्वाला पुन्हा ताजे करायला क जीवनसत्त्व. आणखी एक गंमत अशी की, १९९६ साली असे दिसून आले की पेशीला फार इजा झाली की हेच सायटोक्रोम सी आपली जागा सोडून बाहेर पडते आणि त्या पेशीने आता संपावे असा इशारा देते. ज्या द्रव्याचा अभ्यास कमलाबाईंनी तरुणपणी केला, ते पेशीच्या जगण्याचे आणि मरण्याचेही सूत्र निघाले. हे त्यांच्या हयातीतच सिद्ध झाले.

१९३९ साली कमलाबाई मायदेशी परतल्या. देशाला आपली गरज आहे, ही त्यांची भावना होती. दिल्लीच्या लेडी हार्डिंग्ज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या विभागप्रमुख म्हणून आणि मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून त्यांनी काम केले. १९४७ साली माधवराव सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. तिथल्या सरकारी विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग सुरू होत होता, तिथे त्या प्राध्यापक झाल्या.

येथे त्यांनी केलेले काम थेट आपल्या ताटातले आहे. कच्च्या कडधान्यांत पचनाच्या विकराला अडवणारी द्रव्ये असतात, त्यांवर त्यांनी विद्यार्थ्यांसह संशोधन केले. डाळी आणि उसळी नीट शिजवूनच का खाव्यात, याचे शास्त्रीय कारण अशा संशोधनातून कळते. दुसरे काम नीरेचे. ताडामाडाचा पहाटे काढलेला, न आंबलेला ताजा रस म्हणजे नीरा. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. नीरेत अ आणि क जीवनसत्त्वे व लोह असून ताडगुळातही त्यांचा अंश टिकतो, हे त्यांनी दाखवले. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचे दिसून आले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध योजनेलाही दुधाचा दर्जा सुधारण्यासाठी त्यांनी सल्ला दिला.

एवढे सारे असूनही संस्थेचे संचालकपद त्यांना हक्काच्या वेळी मिळाले नाही. चार वर्षे ते अडवून धरले गेले. सरकारी नोकरीत ज्येष्ठता डावलली जाणे म्हणजे काय, हे आमच्यासारख्या नोकरदारांना वेगळे सांगायला नको. अशा वेळी माणूस कडवट होतो, कामातले लक्ष काढून घेतो. कमलाबाईंनी तसे केले नाही. विद्यार्थी घडवत राहिल्या, आणि पद मिळाले तेव्हा तेही समर्थपणे सांभाळले.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. ग्राहक मार्गदर्शक संस्थेत, म्हणजे कन्झ्युमर गायडन्स सोसायटीत, त्या कामाला लागल्या. तिच्या 'कीमत' या पत्रिकेत सामान्य ग्राहकाला कळेल असे लेख त्यांनी लिहिले. १९८२-८३ मध्ये त्या या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. केंब्रिजची डॉक्टरेट असलेली बाई गृहिणींना भेसळीपासून सावध करत होती, यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

१९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत, २८ जून रोजी, त्यांचे निधन झाले. आयुष्यभर ज्या मानाची वाट पाहावी लागली, तो असा अगदी शेवटच्या क्षणी दाराशी आला.

आपल्या मंडळाच्या बक्षीस समारंभात दरवर्षी गुणवंत मुलींची यादी मुलांपेक्षा मोठी असते. आपण टाळ्या वाजवतो. पण त्याच मुलीने पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी जाऊन पाच-सहा वर्षे संशोधन करायचे म्हटले की घरात चर्चा सुरू होते, तिच्या वयाची आणि लग्नाची. रामन यांनी घातलेल्या अटी आपल्याला आज अन्यायाच्या वाटतात. मग आपल्या घरातल्या अटींचे काय? नारायणरावांनी नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी मुलीच्या बाजूने उभे राहून दाखवले. या वर्षी आरतीला उभे राहताना आपण प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःला विचारावा, एवढीच गणरायाचरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!