बास्केटबॉलची बास्केट १० फुटांवरच का? जाणून घ्या जेम्स नेस्मिथ यांची गोष्ट

शाळेच्या मैदानावर हमखास दिसणारा बास्केटबॉल एका शिक्षकाच्या अडचणीतून जन्माला आला. जेम्स नेस्मिथ यांचा जन्म १८६१ मध्ये कॅनडातील ऑन्टारियोत झाला. १८७० मध्ये टायफॉइडने आई-वडील दोघेही गेले आणि मामाने त्यांना वाढवलं. शाळा मध्येच सुटली, लाकूडतोडीचं काम करावं लागलं. पण पुढे ते पुन्हा शिकले.

१८९१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण संस्थेत कवायतीला कंटाळलेला १८ जणांचा वर्ग त्यांच्याकडे आला. याआधी दोन शिक्षकांनी या वर्गापुढे हात टेकले होते. जिममध्ये खेळता येईल असा नवा खेळ शोधण्यासाठी नेस्मिथ यांना १४ दिवस मिळाले.

चेंडू घेऊन पळणाऱ्याला इतर जण पाडतात. म्हणून चेंडू घेऊन पळण्यालाच बंदी. समोर गोल असला की चेंडू जोरात मारला जातो. म्हणून गोल डोक्याच्या वर, म्हणजे चेंडू अलगदच फेकावा लागेल. पीचच्या टोपल्या बाल्कनीच्या कठड्याला ठोकल्या. तो १० फुटांवर होता. तीच उंची आजही कायम आहे.

पुढे कॅन्सस विद्यापीठात प्रशिक्षक असताना त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले, ६० गमावले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये मात्र जन्मभूमी कॅनडा आणि कर्मभूमी अमेरिका यांची अंतिम लढत त्यांना पाहता आली. १९३९ मध्ये त्यांचं निधन झालं.