ऑल्मस्टेड आणि उद्यानाचा जमाखर्च

न्यूयॉर्क शहराच्या मध्यभागी पसरलेले ८४३ एकरांचे सेंट्रल पार्क हे त्या शहराचे भूषण मानले जाते. अशी उद्याने शहराच्या औदार्यातून निर्माण होतात, असा एक सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्यांच्या मुळाशी रोखठोक आर्थिक हिशेब असतो. हा हिशेब जन्मभर मांडीत राहिलेला पुरुष म्हणजे फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेड. उद्यानरचनाकार म्हणून त्यांची कीर्ती जगभर आहे. परंतु सार्वजनिक उद्यानाचा खर्च कोणी सोसावयाचा, या प्रश्नाशी त्यांचे चरित्र किती निगडित होते, हे तुलनेने अपरिचित राहिले आहे.

ऑल्मस्टेड यांचा जन्म २६ एप्रिल १८२२ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे एका सधन कापडव्यापाऱ्याच्या घरी झाला. कुमारवयात डोळ्यांना इजा झाल्यामुळे त्यांचे रीतसर उच्च शिक्षण होऊ शकले नाही. चीनला जाणाऱ्या जहाजावर नोकरी, स्टेटन आयलंडवर शेती आणि पुढे दक्षिणेकडील गुलामगिरीचे वार्तांकन, असा त्यांच्या उमेदवारीचा काळ गेला. १८५० साली इंग्लंडच्या पायी प्रवासात त्यांनी बर्कनहेड येथील उद्यान पाहिले आणि त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. तेथील नगर आयुक्तांनी २२६ एकर जमीन घेऊन त्यातील सुमारे १२५ एकर जनतेसाठी मोकळी ठेवली होती. उरलेली जमीन घरबांधणीसाठी विकून खर्च भरून काढावयाचा, अशी योजना होती. जोसेफ पॅक्स्टन यांनी रचलेले हे उद्यान १८४७ मध्ये खुले झाले. उद्यानामुळे भोवतालच्या भूखंडांची किंमत वाढते आणि त्या वाढीतूनच उद्यानाचा खर्च निघतो, हे सूत्र तेथे प्रत्यक्षात उतरले होते.

न्यूयॉर्कने हेच सूत्र निराळ्या मार्गाने अवलंबिले. १८५३ च्या कायद्यान्वये सेंट्रल पार्कसाठी जमीन संपादन करण्यात आली. तिला सुमारे ५० लाख डॉलर लागले आणि त्यापैकी जवळजवळ एक तृतीयांश रक्कम लगतच्या जमीनमालकांवर खास आकारणी बसवून वसूल झाली. ज्याला लाभ होणार त्याने भार उचलावा, हे त्यामागील तत्त्व. १८५७ मध्ये ऑल्मस्टेड उद्यानाचे अधीक्षक झाले. पुढील वर्षी कॅल्व्हर्ट व्हॉ यांच्यासह त्यांनी आराखड्याची स्पर्धा जिंकली. उद्यान हा उधळपट्टीचा विषय नाही, हे पटवून देण्यासाठी त्यांच्यापाशी आकडे होते. उद्यानालगतच्या तीन प्रभागांतील मालमत्तेचे करपात्र मूल्य १८५६ मध्ये सुमारे २ कोटी ६४ लाख डॉलर होते. १८७३ मध्ये ते २३ कोटी ६० लाखांवर गेले. शहर वाढतच होते, त्यामुळे ही सर्व वाढ उद्यानाच्या खात्यावर जमा करता येणार नाही. तथापि शहराच्या सर्वसाधारण वाढीची वजावट केली तरी वाढीव करातून उद्यानाच्या कर्जाचा भार पेलता येतो, हा युक्तिवाद इतर शहरांनाही पटला.

या जमाखर्चात एक रकाना मात्र रिकामाच राहिला. उद्यानासाठी सुमारे १६०० माणसांना आपली घरे सोडावी लागली. त्यांत सेनेका व्हिलेज या मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील सव्वादोनशेच्या आसपास रहिवासी होते. जमीनमालकांना मोबदला मिळाला, पण ती वस्ती पुन्हा एकत्र उभी राहिली नाही. हे विस्थापन ऑल्मस्टेड यांच्या आराखड्याच्या आधीचे. त्याचा दोष त्यांच्याकडे जात नाही. परंतु जमिनीच्या वाढत्या किमतीला यशाचे माप मानले की ती किंमत परवडत नाही अशांची गणना कोठेच होत नाही, ही उणीव त्या हिशेबातच होती.

खाजगी विकासकाच्या पैशावर मोकळी जागा कशी राखता येते, याचा अनुभव त्यांना शिकागोजवळील रिव्हरसाइड येथे आला. १८६८-६९ मध्ये एका भूविकास कंपनीने १६०० एकरांवर उपनगर वसविण्याचे काम त्यांना दिले. त्यांतील सुमारे ७०० एकर रस्ते, कडेची झाडी, मैदाने आणि उद्याने यांसाठी राखण्याचा संकल्प होता. कंपनीपाशी रोकड इतकी अपुरी होती की ऑल्मस्टेड यांना शुल्कापोटी भूखंड घ्यावे लागले. १८७३ च्या मंदीनंतर कंपनी बुडाली. परंतु नकाशावर राखलेल्या मोकळ्या जागा मात्र टिकल्या. विकासकाने देऊ केलेला पैसा बाजाराबरोबर वरखाली होतो. आराखड्यात कायमची बांधलेली जमीन त्याच्या दिवाळखोरीतही शाबूत राहते, हा या प्रकरणाचा बोध होय.

१८७८ मध्ये न्यूयॉर्कच्या राजकारण्यांनी ऑल्मस्टेड यांना उद्यानाच्या कामावरून दूर केले. ते बॉस्टनजवळ ब्रुकलाइन येथे स्थायिक झाले आणि बॉस्टनची उद्यानमालिका त्यांनी साकारली. १८९५ मध्ये स्मृती क्षीण झाल्याने त्यांना निवृत्त व्हावे लागले. ज्या मनोरुग्णालयाच्या आवाराबाबत त्यांनी पूर्वी सल्ला दिला होता, तेथेच २८ ऑगस्ट १९०३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर या विचाराला कायद्याचे बळ मिळाले. १९६५ च्या कॅलिफोर्नियातील क्विम्बी कायद्याने नवी वसाहत उभारणाऱ्याकडून दर हजार रहिवाशांमागे ३ एकर, काही परिस्थितीत ५ एकरांपर्यंत, उद्यानासाठी जमीन किंवा तिच्याऐवजी रक्कम घेण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना दिला. मुंबईनेही १९९१ च्या नियमावलीत आरक्षित जमिनीच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची वाट स्वीकारली. पद्धती निरनिराळ्या असल्या तरी प्रश्न तोच आहे. समाजाच्या वाढीमुळे जमिनीला आलेली किंमत समाजाकडे किती परत यावयाची? रकमेची सवलत सोयीची असते, पण रक्कम तिजोरीत पडून राहते आणि दाट वस्तीत मागाहून जमीन मिळत नाही. म्हणून आधी जमीन, मग रक्कम, आणि दोहोंच्या आधी तेथे राहणाऱ्या माणसांचा विचार, हा क्रम पाळला गेला तरच ऑल्मस्टेड यांचा अपुरा राहिलेला हिशेब पूर्ण होईल.